वीतभर बांध

माणसं नांगर धरायला नुकती शिकली होती, तेव्हाची गोष्ट. उतारावर वर म्हसूचं शेत, खाली कोंडाजीचं आणि मध्ये एक लठ्ठ बांध सुखानं लोळलेला. दर नांगरटीला म्हसू वरून त्याला वीतभर कोरी, कोंडाजी खालून.

"अरे, पोट आहे माझं!" बांध कळवळे.

"आधी त्याला सांग!" दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत.

बांध सुतळीएवढा झाला. मग श्रावणात धो धो कोसळलं. सकाळी दोघं उघड्या मुरमावर उभे.

"बांधा, कुठं गेलास रे?"

खालच्या ओढ्यातून आवाज आला, "इथं आहे! तुमची शेतंही आलीत सोबत. तुझं कुठलं नि त्याचं कुठलं, ते तेवढं येऊन निवडा."