राणीसाहेबांचं गंगावन

राणीसाहेबांनी फर्मावलं, "उद्याच्या हळदीकुंकवाला पेटीतलं सगळ्यांत दाट गंगावन लाव!" वेणी घालणाऱ्या भिवराचा हात थांबला. राणीसाहेबांची वेणी उंदराच्या शेपटीएवढी. तिच्यात एवढे परके केस गुंफले तर सोंग लांबूनच उघडं पडणार. पण "केस विरळ आहेत" असं बोलून गेलेल्या आधीच्या बाईला त्यांनी गावाबाहेर काढलं होतं.

"हात का थांबला गं?" राणीसाहेब कडाडल्या.

भिवरा म्हणाली, "सरकार, दाट गंगावन लावलं तर बायका विचारतील, कुठून आणलंत? बेताचं लावलं तर विचारतील, तेल कोणतं लावता?"

राणीसाहेब आरशाकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "बेताचंच लाव. आणि तेलाचं नाव काय सांगायचं, तेही ठरवून ठेव."