दार नसलेलं दुकान

महापुराला वर्ष झालं, तेव्हा नांदखोऱ्याच्या बाजारात भडकमकर नावाचे बडे संशोधक यादी घेऊन आले. संकटानंतरही तग धरलेले छोटे धंदे शोधायचे आणि त्यांना सरकारी मदत मिळवून द्यायची, हे त्यांचं काम. दुपारपर्यंत पायपीट करून साहेब घामाघूम झाले आणि चिंचेखाली येऊन टेकले. तिथे शेवंताक्का बुरूड सूप विणत बसली होती.

"मावशी, यादीतली बहुतेक दुकानं बंद कशी?"

"पुरानंतर उघडलीच नाहीत, साहेब. माझं नाव घ्या की! पाणी ओसरलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इथं हजर. घरोघरची सुपं वाहून गेलेली, हाताला उसंत नव्हती."

साहेब हसले. "झाडाखाली बसणं म्हणजे धंदा नव्हे, मावशी. नियमाप्रमाणे दुकानाला दार लागतं."

शेवंताक्काने सुपाची कड आवळली. "दार होतं म्हणून तर त्यांना कुलूप लावता आलं. मला दारच नाही, मग मी बंद कशी पडणार?"

साहेबांनी यादीकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. "पूर्ण नाव सांगा."

"सांगते. आधी जरा सरका, गिऱ्हाईक उभं आहे."