माहेरच्या वाटेची चाकं

एकदा एका व्यापाऱ्याच्या मनात आलं, की आपल्या पत्नीसाठी दमणी करून घ्यावी. दमणी म्हणजे बायकामाणसांच्या प्रवासाची, वर छत आणि चहूबाजूंनी पडदे असलेली हलकी बैलगाडी. पण ही साधीसुधी दमणी नव्हे. खांब शिसवी हवेत, आत सावरीच्या कापसाच्या गाद्या हव्यात, पडदे रेशमी हवेत. व्यापाऱ्याला काही कमी नव्हतं, आणि माणूस मनाचा वाईटही नव्हता. एखादी गोष्ट केली की ती चारचौघांना दिसली पाहिजे, एवढी एक खोड मात्र त्याला होती. आता ती आपल्यापैकी किती जणांना नसते, ते ज्याचं त्यानं पाहावं.

कारण मात्र खरं होतं. त्याची पत्नी सगुणाबाई बरेच महिने आजारी होती. पाठ धरलेली, सांधे धरलेले, कुशीवर वळायचं तरी कुणाचा हात लागायचा. वैद्यानं व्यापाऱ्याला एकदा अंगणात बाजूला नेऊन जे सांगायचं ते सांगितलं. त्या दिवशी व्यापारी दुकानात गेलाच नाही. बायकोच्या उशाशी बसून म्हणाला, तुला काय हवं असेल ते माग. तिनं दागिना मागितला नाही की तीर्थयात्रा मागितली नाही. एकदा माहेरी जाऊन यायचंय, एवढंच म्हणाली.

व्यापारी बुचकळ्यात पडला. तिचे आईवडील जाऊन किती वर्षं झाली होती. पाठोपाठ भाऊही गेला. भावजय मुलाकडे परमुलखात निघून गेली आणि घर विकलं गेलं. तिथं आता तुझं कोण आहे, असं त्यानं विचारून पाहिलं. पण मागणी काही तिनं मागे घेतली नाही. शेवटी व्यापारी उठला आणि गाड्या घडवणाऱ्या वृद्धाच्या कारखान्यात गेला.

हा वृद्ध पंचक्रोशीत नावाजलेला होता. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. शिष्य म्हटल्यावर लगेच कोवळं पोर डोळ्यांसमोर आणू नका. चांगला भरघोस मिशांचा, लेकरांचा बाप होता तो. बायकोमुलांना दूर गावी ठेवून विद्या घ्यायला आला होता. हात कसबी, बुद्धी तल्लख, आणि आपली बुद्धी तल्लख आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

बाकी सगळं चटकन ठरलं, घोडं अडलं ते चाकांवर. गावच्या पाटलांच्या दमणीला ठेंगणी, पितळी पत्र्यानं मढवलेली चाकं होती. व्यापाऱ्याला तशीच हवी होती, फक्त पितळ थोडं जास्त. शिष्याला हे ऐकवेना. चाक लहान असलं की प्रत्येक खड्ड्यात उतरतं, प्रत्येक दगडावर चढतं, आणि ते सगळे धक्के बसणाराच्या पाठीत जातात. चाक मोठं असलं की लहानसहान खड्डा त्याला कळतसुद्धा नाही, ते वरच्यावर निघून जातं. हे त्यानं व्यापाऱ्याला जमिनीवर रेघा ओढून समजावलं. आजारी माणसाला न्यायचं, वाट दगडधोंड्यांची, आणि तुम्ही पितळ कसलं मोजता, असंही म्हणून गेला. व्यापारी वरमला. त्यानं वृद्धाकडे पाहिलं. वृद्ध म्हणाला, चाकाचं शास्त्र हा सांगतो तेच आहे, चाकं हाच करू दे. शिष्याची छाती त्या दिवशी फुगली ती चाकं होईपर्यंत काही उतरली नाही.

चाकं झाली मात्र अप्रतिम. उभ्या माणसाच्या छातीला लागतील एवढी उंच, सगळे आरे एकसारखे, कुठं फट नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत लाल केलेली धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, त्यानं चाकावर चढवली, वरून पाणी ओतलं, आणि धाव आवळत गेली तसं सगळं लाकूड करकरून एकजीव झालं. दमणी जोडून व्यापाऱ्याच्या दारात नेली. सगुणाबाईंना उचलून आत निजवलं, पडदे सोडले, आणि गावातल्या सगळ्यांत वाईट वाटेनं, कुंभारवाड्यावरून, एक फेरी मारली. याच वाटेवर पूर्वी बाईंच्या कण्हण्यानं व्यापाऱ्याचा जीव कासावीस झाला होता. आज आतून हूं नाही की चूं नाही. दारात परत आल्यावर पडदा सारला, तर बाईंना गाढ झोप लागलेली. व्यापाऱ्याचे डोळे भरून आले. त्यानं शिष्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि शिष्याला वाटलं, आता आपण घरी जायला मोकळे, आता शिकायचं काही उरलं नाही.

तेवढ्यात सगुणाबाई जाग्या झाल्या. इकडंतिकडं बघत त्यांनी विचारलं, "निघालो का आपण?"

सगळे हसले. व्यापारी म्हणाला, अगं, जाऊन आलोसुद्धा! बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा उतरला, की जणू कुणी हातातलं काढून घेतलं. वृद्धानं ते पाहिलं. शिष्यानंही पाहिलं, पण झोपेतून उठलेलं माणूस असंच दिसतं म्हणून त्यानं सोडून दिलं. वृद्धानं त्याला आसाला वंगण घालायला धाडलं आणि स्वतः बाईंपाशी ओसरीवर जाऊन बसला. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. बाई बोलत होत्या आणि वृद्ध मान हलवत होता.

दुसऱ्या दिवसापासून वृद्धानं स्वतःच्या हातानं चाकांची आणखी एक जोडी करायला घेतली. ही जोडी ठेंगणी होती, अगदी साधी, पितळ नाही की काही नाही. शिष्यानं दोनदोनदा विचारलं, बाबा, ही कुणाची? असू दे, एवढंच उत्तर मिळालं. आपल्या कामात काही उणं निघालं की काय, या विचारानं शिष्याला अन्न गोड लागेना.

प्रवासाचा दिवस उजाडला. त्या मुलखात घरंदाज बायकांनी वाटेत पडदा उघडायचा नाही, गाडी पोचायच्या गावच्या शिवेला लागली की मगच उघडायचा, अशी रीत होती. पुरुषांनी पडद्याच्या गाडीत बसायचं नाही, हीदेखील रीतच. तेव्हा दमणीत सगुणाबाई, पुढे घोड्यावर व्यापारी, आणि मागे हत्यारांच्या गाडीत वृद्ध आणि शिष्य, असे सगळे निघाले. वृद्धाचं वय प्रवासाचं नव्हतं, पण तो हट्टानं आला होता, आणि त्या ठेंगण्या चाकांची जोडीही त्यानं गाडीत टाकली होती. वाट सरत होती. दमणी तळ्यातल्या नावेसारखी चालली होती. शिष्य चालत्या चाकांकडे बघत होता आणि त्याचं मन पुन्हा पुन्हा सुखावत होतं.

नदी लागली. नदीपलीकडून माहेरचा मुलूख सुरू होत होता, आणि तिथून पुढची वाट म्हणजे वाट नव्हेच, नुसते गोटे आणि कातळ. उथळ पाण्यातून गाड्या पलीकडच्या काठावर आल्या. तिथं वृद्धानं गाड्या थांबवायला सांगितल्या, शिष्याला खाली बोलावलं आणि म्हणाला, दमणीची चाकं काढ. मोठी काढ आणि लहान घाल.

शिष्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. जिथवर वाट बरी होती तिथवर मोठी चाकं वापरली, आणि जिथं खरी गरज तिथंच ती काढायची? त्यानं हात लावला नाही. व्यापारी घोडा वळवून आला, त्याला कळलं, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बायकोला मारायला आणलंय का, इथपर्यंत तो बोलला. वृद्धानं ते सगळं ऐकून घेतलं. मग तो एका धोंड्यावर टेकला आणि शांतपणे बोलू लागला.

"शेठ, या वाटेनं तुम्ही कायम घोड्यावरून आलात. तुम्हाला झाडं दिसली, डोंगर दिसले. बाईंना काय दिसलं? नवी नवरी होत्या तेव्हापासून त्या पडद्याआड बसून इथून गेल्या. नदी सरली की गाडी गोट्यांवर खडखडते. मग चढाला मागे कलते. मग कातळ लागतो, तिथं दोन्ही अंगांनी आदळते. आणि शेवटी ओढ्याची वाळू लागली की सगळा आवाज बंद होतो. हे मी तुम्हाला सांगतोय ते त्यांनीच मला सांगितलं, ओसरीवर बसून. त्यांची वाट ही अशी आहे. डोळ्यांनी कधी पाहिलेली नाही, सगळी अंगानं ओळखलेली. तिकडं आता आई नाही, भाऊ नाही, घरही नाही. माहेर म्हणून त्यांना उरलीय ती एवढी वाट. आणि माझ्या शिष्यानं चाकं इतकी उत्तम केलीत, की त्या झोपेत तिथं पोचतील आणि झोपेत परत येतील."

व्यापाऱ्याचा आवाज खाली आला. "पण बाबा, तिला सोसायचं नाही ते."

"दुखेल. मी तसं त्यांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, दुखलं तर कळेल तरी, कुठवर आले ते."

व्यापारी घोड्यावरून उतरला. दमणीजवळ जाऊन, पडद्याला हात न लावता, त्यानं विचारलं की बाबा म्हणतात ते खरं का. आतून सगुणाबाई म्हणाल्या, अहो, त्यांचं ऐका ना. मला बोलता आलं नाही, इतक्या हौसेनं केलंत सगळं.

मग शिष्यानं गाडीखाली ओंडके लावले, आसाची खीळ उपटली आणि आपली लाडकी चाकं स्वतःच्या हातानं उतरवली. लहान चाकांवर दमणी जराशी मागे झुकली, म्हणून वृद्धानं बाईंच्या पाठीशी एक लोड सरकवायला सांगितला. तो सरकवायला म्हणून व्यापारी पडद्याच्या आत वाकला आणि आतच बसला. लोड त्यानं बाहेर टाकून दिला. तिच्या पाठीशी तो स्वतः बसला होता. गाडीवान तोंड वासून बघत राहिला, पण शेठपुढे बोलणार कोण?

गाडी चालू लागली. शिष्य दमणीच्या बाजूनं पायी चालत होता. पहिल्या गोट्यावर चाक आदळलं आणि आतून बाई विव्हळल्या, तेव्हा त्याला वाटलं, आत्ता हाक येईल, आत्ता म्हणतील थांबवा. हाक आली नाही. थोड्या वेळानं बाईंचा आवाज ऐकू येऊ लागला. त्या नवऱ्याला वाट दाखवत होत्या. हे गोटे सरले की चढ, धरून बसा हं. चढाला एकदा बैल अडून बसला होता, नि दादा मला न्यायला आला होता तो गाडीला खांदा लावून ढकलत होता, मी आत हसून हसून दमले. आता कातळ येईल. कातळावर मी बांगड्या हातानं धरून बसायची. आईपुढं फुटक्या बांगड्यांनी कसं जायचं?

कातळ लागला. दमणी दोन्ही अंगांनी आदळली. शिष्याच्या छातीत प्रत्येक धक्का बसत होता. पडदा वाऱ्यानं क्षणभर सरकला, तेव्हा त्याला दिसलं, की व्यापाऱ्यानं बाईंची दोन्ही मनगटं बांगड्यांसकट आपल्या मुठींत धरली आहेत आणि बाईंच्या गालांवरून पाणी ओघळतंय. त्यानं घाईनं मान फिरवली. बाई रडत होत्या खऱ्या, पण मधेच हसतही होत्या, आणि पुढं काय येणार ते न चुकता सांगत होत्या.

शिष्याला आपली बायको आठवली. तिलाही तो कधीतरी असाच पडद्याच्या गाडीत बसवून माहेरी धाडायचा. तिच्या वाटेवर गोटे आहेत की चिखल, हे त्याला आठवेना. आठवेना कसलं, त्यानं कधी विचारलंच नव्हतं. म्हणे चाकांचं शास्त्र जाणणारा मोठा! त्याला घरची हुरहुर लागली.

मग वाळू लागली आणि सगळा खडखडाट थांबला. बाईसुद्धा बोलायच्या थांबल्या. गाडी वाळूतून हळूहळू चालत राहिली, ओढ्याच्या वळणावरून वर चढली, आणि आतून बाई म्हणाल्या, बस, इथंच. गाडीवानानं कासरा ओढला. समोर शिवेचा दगड होता.

व्यापाऱ्यानं पडदा वर केला. गाव समोरच होतं. शिवेलगतच्या ज्या घराचा दरवाजा सगुणाबाईंसाठी उघडायचा, तिथं दुसऱ्या कुणाची गुरं बांधलेली होती. पाणी भरून चाललेली एक बाई थांबली, वाटसरूंकडे बघावं तसं तिनं यांच्याकडे पाहिलं आणि निघून गेली. ते बघून व्यापाऱ्याला भडभडून आलं. एवढं सोसून आलो ते याच्यासाठी का, असं त्याला वाटलं असणार. तरी तो आवाज सावरून म्हणाला, "उतरतेस ना? मी धरतो. आत जाऊन येऊ."

सगुणाबाईंनी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. थकून गेल्या होत्या, पण चेहऱ्यावर असं समाधान होतं, की शिष्याला त्यांच्याकडे बघवेना.

"अहो, आले की जाऊन," त्या म्हणाल्या.

शिष्य गाडीमागे गेला. तिथं वृद्ध उभा होता. शिष्य वाकून त्याच्या पाया पडला आणि म्हणाला, बाबा, काही दिवस घरी जाऊन येतो. वृद्धानं का म्हणून विचारलं नाही. सावकाश ये, म्हणाला.

आपल्या माणसाच्या वाटेवरचे धक्के चुकवायला निघण्याआधी, त्यातला एखादा त्याला हवा आहे का, एवढं त्याला विचारून घेतलेलं बरं.