बांधावरची नळी

"...म्हणजे नळी आखूड असती तर दादा वाचला असता. हो का नाही, एवढंच सांगा."

बाबालाल वस्ताद तेलाच्या चिंधीनं एका जुन्या बंदुकीचा घोडा पुसत होते. पुसतच राहिले.

मी तेच पुन्हा विचारलं.

"बस की," ते म्हणाले.

मी बसलो नाही.

आदल्या दिवशी दादाचं तेरावं झालं होतं. दादाला मुलगा नाही. अग्नी मीच दिला, केसही मीच उतरवले. सकाळच्या पहिल्या एसटीनं मी आजऱ्याला आलो होतो, पोटात चहासुद्धा नव्हता.

वस्तादांचं बंदुकांचं दुकान चाळीस वर्षांचं. आमच्याकडच्या गावांत रानडुकरांपासून पीक राखायला ज्यांना परवाना मिळतो, ते रायफल घेण्याआधी एकदा त्यांच्याकडे येतात. नळी किती लांब घ्यायची, ते वस्ताद सांगतात, आणि त्यावर कुणी दुसरं मत घेत नाही. परसूदादा त्यांच्याकडेच नेम धरायला शिकला. मलाही त्यानं दोनदा आणलं होतं. दोन्ही वेळा वस्तादांनी मला बंदुकीला हात लावू दिला नाही. माझा पाय एका जागी ठरत नाही, असं ते दादाला म्हणाले होते, आणि दादा हसला होता.

पंचनामा झाल्यावर दादाची रायफल वस्तादांकडेच जमा झाली होती. मागं भिंतीला टांगलेली मला दिसत होती. परवाना माझ्या नावावर व्हावा म्हणून मी अर्ज दिला होता. मला तीच रायफल पाहिजे होती, पण नळी आखूड करून. दादाला मारलेलं डुक्कर अजून ओढ्याकाठच्या उसाच्या फडातच होतं. लोकांनी त्याच्या पायाचे ठसे पाहिले होते.

मी वस्तादांना सगळं सांगितलं. म्हणजे घरी सांगितलं होतं तेच सांगितलं. दादा उसात शिरला. डुक्कर बाजूनं आलं. दादा वळायला गेला तर नळीचं तोंड पाचटात अडकलं. चार बोटं कमी असती तर नळी वळली असती.

"चार बोटं," मी म्हणालो. "चार बोटांनी माणूस गेला, वस्ताद."

त्यांनी चिंधी खाली ठेवली.

"नळी कुणी दिली?"

"तुम्ही."

"तू होतास ना तवा?"

होतो. दादापुढं त्यांनी दोन नळ्या ठेवल्या होत्या, एक वीस इंची, एक सव्वीस. दादाचा हात आखूड नळीकडे गेला होता, कारण ती हलकी होती. वस्तादांनी त्याला एकच विचारलं होतं, तू उभा कुठं राहणार? दादा म्हणाला, बांधावर. मग त्यांनी लांब नळी त्याच्या हातात दिली. लांब नळी तोंडाकडं जड असते, ती हलत नाही. गोळीमागची दारू आतच सगळी जळते. मोकळ्या रानात गोळी लांबवर सरळ जाते. आखूड नळी झाडीत पटकन वळते, पण कानठळ्या बसवते, आणि लांबच्या नेमाला हात जरा हलला की गोळी भलतीकडंच. बांधावर उभ्या माणसाला फडातली नळी देऊ नये, असं ते म्हणाले होते.

"पण दादा बांधावर मेला नाही," मी म्हणालो. "फडात मेला."

"बांधावरचा माणूस फडात गेला कसा?"



वहिनीही रोज हेच विचारते. पहिल्या दिवसापासून. रडत नाही, ओरडत नाही. चुलीपुढं बसते आणि विचारते, भाऊजी, ते आत गेले कसे? मी सांगतो, नळी लांब होती. ती म्हणते, ते कळलं. पण आत गेले कसे?

वस्ताद उठले. दादाची रायफल काढली, खटका उघडून आत गोळी नाही ना ते बोट घालून पाहिलं, आणि माझ्यापुढं धरली. घ्यायची म्हणून मला खाली बसावं लागलं. मांडीवर रायफल. त्यांनी खडूचा तुकडा दिला.

"कापायची तितं खूण कर."

मी नळीच्या तोंडाकडून चार बोटं मोजली आणि रेघ मारली.

ते बघत होते.

चार कमी वाटली. अंगठ्यानं रेघ पुसली आणि सहा बोटांवर मारली. तीही पुसली. आणखी खाली मारली...

हात थांबेना. मी पुसत होतो, मारत होतो. शेवटी खडू नळीखालच्या लाकडाला लागला.

"आता नळीच ऱ्हाईली न्हाई," वस्ताद म्हणाले.

मी खडू मुठीत धरून बसलो.

"नळीचं वजन डाव्या हातावर असतंय," ते म्हणाले. "एका हातानं धरली तर वीस इंची बी पडती, अडकती. त्या वक्ताला परसूचा डावा हात कुटं होता?"

मी खडू खाली ठेवला.

"कुटं होता, निंगू?"

मग मी सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

दादाची गोळी डुकराला लागली होती. बांधावर रक्त होतं आणि डुक्कर फडात शिरलं होतं. दादा खाली बसला आणि त्यानं तंबाखूची पिशवी काढली. वस्तादांनीच शिकवलेलं. जनावर जखमी झालं की मागं धावायचं नाही. बसायचं. तंबाखू मळायची, खायची, थुंकायची, मग उठायचं. तेवढ्या वेळात जनावर मरतं नाही तर आडवं होतं. दादानं डाव्या तळहातावर चुना घेतला आणि मळायला लागला.

मला दम निघेना.

मी म्हणालो, भ्यालास व्हय दादा? का वहिनीनं पदराला बांधून ठेवलाय?

तो हसला. म्हणाला, बस रे गाढवा. आणि मळत राहिला.

मी कोयता उचलला आणि फडात शिरलो.

मागं त्याची हाक ऐकली. मी थांबलो नाही. दहा-बारा पावलं गेलो असेन. मग तो आला, पळत, आणि माझी कॉलर धरून मला मागं ओढलं. शिवी दिली. तेवढ्यात डुक्कर बाजूच्या सरीतून आलं.

"डावा हात माझ्या कॉलरीत होता," मी म्हणालो. "शेवटपर्यंत होता. सोडला असता तर..."



रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आंघोळ घालताना वहिनीनं त्याच्या तळहातावर चुना पाहिला होता. ती शहाणी आहे. तिनं ओळखलं. हातावर चुना आहे म्हणजे ते बसले होते. मग उठले कशाला? माझ्या सदऱ्याच्या कॉलरीलाही तोच चुना आहे. तो सदरा मी तिला धुवायला दिला नाही. धान्याच्या कणगीमागं दडवून ठेवलाय.

हेही मी वस्तादांना सांगितलं.

त्यांनी माझ्या मांडीवरची रायफल उचलली. चिंधीनं खडूच्या सगळ्या रेघा पुसल्या, अगदी सावकाश, जणू कुणाचं तोंड पुसत होते. मग ती परत भिंतीला टांगली.

"वहिनीला काय सांगू?" मी विचारलं.

"सांग, नळी लांब हुती. परसू आखूड मागत हुता, पर बाबालालनं ऐकलं न्हाई. लांब नळी देऊन फडात बी चालंल म्हणाला. त्येच्या भरवशावर परसू आत गेला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

मी म्हणालो, नळी बरोबर होती. तुम्ही बरोबरच दिली होती. ही गोष्ट आमच्या घरात राहायची नाही, वहिनीचे भाऊ चार गावांत सांगतील. उद्यापासून तुम्हाला नळी विचारायला कोण येईल?

वस्तादांनी पुसायला घेतलेली जुनी बंदूक पुन्हा हातात घेतली.

"मग खरं सांगतोस?"

मला चुलीपुढं बसलेली वहिनी दिसली. तिचं ते न रडता विचारणं...

"आज न्हाई जमायचं, वस्ताद."

"उद्या?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी चिंधीवर तेलाचे दोन थेंब टाकले.

"तवर माझं नाव सांग."