पडद्यावरची ओळ

फार जुनी नव्हे, वाचनालयात कार्डांच्या कपाटाशेजारी संगणक आला तेव्हाची गोष्ट. संगणकावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली होती. ग्रंथपाल हैबतराव त्यावर प्रिंटरचं सॉफ्टवेअर बसवायला लागले, तर पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच ओळ येई. ती न वाचताच बंद करून त्यांनी इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांच्या कमांड आणून चिकटवल्या. संगणक दर वेळी पासवर्ड मागे, ते देत. चौथ्या दिवशी त्यातल्याच एका कमांडने पुस्तकांची सगळी यादी पुसली गेली.

"फुकटचं ते फुकटचंच," म्हणत हैबतराव जुनी कार्डं काढायला लागले.

कपाटाने संगणकाला हळूच विचारलं, "तू त्यांना आधीच सांगायचं नाहीस का?"

"सतरा वेळा सांगितलं," संगणक म्हणाला. "प्रिंटरची वायर जोडलेली नाही, एवढंच. पण हे वाचनालय आहे, म्हणून लिहून सांगितलं."