बुवांच्या खुंटीवरची किल्ली

“घर आमचंच आहे ना, बुवा? मग किल्ली द्यायला काय हरकत?” विश्वंभरनं विचारलं.

वाटीतल्या तेलात बोट बुडवून रंगनाथबुवा एक किल्ली पुसत राहिले.

दिवाळी झाली की वाडीतली माणसं ऊसतोडीला जायची. घरांना कुलपं लागायची आणि किल्ल्या मठात यायच्या. ज्यानं त्यानं आपल्या किल्लीला आपला दोरा बांधायचा, बुवांच्या हातात द्यायची आणि ट्रॅक्टरवर चढायचं. आत्ताही खुंटीवरून काढलेल्या कडीत एकोणचाळीस किल्ल्या होत्या. विश्वंभरच्या घरची निळ्या दोऱ्याची.

याच मठात तो वाढला होता. आईबाप उसाच्या फडावर आणि हा बुवांच्या पंगतीला. आता पुण्यात शिकून सवरून मोठा झाला होता, आणि ते त्याच्या चालण्याबोलण्यातून दिसतही होतं.

“किल्ली कुणी दिली मला?” बुवांनी विचारलं.

“आईनं.”

“मग आई आली की तिला देईन.”

“फोन लावून देतो. तिनं सांगितलं तर?”

“फोनला हात नसतो रे.”

विश्वंभर हसला, पण मनातून चिडला. फोन त्यालाही लावायचा नव्हताच. बाहेर निंबाखाली गवंडी टेप घेऊन बसला होता. खोल्यांचं माप घ्यायचं, गुढीपाडव्याला आईबाप परत येतील तोवर भिंती उभ्या करायच्या, आणि त्यांना सांगायचं, आता कोयता टाका. आईची कंबर या वर्षी फार धरली होती. तरी ती गेली होती.

“गवंडी आणलायस. एवढं बांधायला पैसे आणलेस कुठून?” बुवांनी विचारलं.

याच प्रश्नाची तो वाट बघत होता.

“मी एक एक्स्टेंशन केलंय, बुवा, कॉम्प्युटरला जोडायचा छोटा प्रोग्राम. कॉम्प्युटरवर आपण काही बघायला गेलो की मागं पाळतीवर माणसं असतात. कुठं गेलात, काय शोधलंत, कुठला आजार विचारलात, सगळं टिपून ठेवतात. माझं एक्स्टेंशन त्यांना दारातच अडवतं. चार लाख लोकांनी लावलंय.”

“म्हणजे राखण्या.”

“हां. राखण्याच.”

“मग त्याला घरातलं दिसत असंल.”

“दिसावंच लागतं. त्याशिवाय अडवणार कुणाला? पण मी कधी बघितलं नाही.”

“खरं?”

“तुमची शपथ.”

बुवांनी मान डोलावली. या पोराची शपथ खोटी नसते, हे त्यांना ठाऊक होतं.

“आता एक कंपनी ते घेतीय,” विश्वंभर म्हणाला. “आज संध्याकाळी हो म्हणायचं. मग मी मोकळा.”

“आणि ती चार लाख माणसं?”

“त्यांना काही करावं लागत नाही. मालक बदलला हे कळतसुद्धा नाही. नव्या मालकाकडून एक अपडेट जातो, बस्स.”

“त्या मालकाला राखणच करायचीय का?”

“त्यांचं ते बघतील, बुवा.”

बुवांनी पुसलेली किल्ली कडीत अडकवली. दुसरी घेतली. तिचा दोरा विटून गेला होता.

“ही कुणाची?” विश्वंभरनं विषय बदलला.

“सोपानची.”

“सोपानकाका तर फडावरच वारले. तीन वर्षं झाली.”

“येतो म्हणाला होता.” बुवांनी तिलाही तेल लावलं.

विश्वंभर उगाच खोडी काढावी तसा म्हणाला, “इतक्या वर्षांत एकदाही कुणाचं दार उघडलं नाहीत? एकदाही?”

“एकदा उघडलं.”

“बघा.”

“गंगूबाईचं. मांजर कोंडलं होतं आत. दोन दिवस ओरडत होतं बिचारं.”

“मग? काय होतं घरात?”

“मला काय ठाऊक. डोळे मिटून उघडलं.” बुवांनी मनगट पुढं केलं. तीन पांढरे ओरखडे होते. “ते मात्र बघून गेलं.”

विश्वंभर हसला. बुवाही हसले.

“बोटं आखडली रे,” बुवा म्हणाले. “उरलेल्यांना तेवढं तेल लाव. मी जरा पडतो.”

त्यांनी अख्खा जुडगा विश्वंभरच्या मांडीवर ठेवला, भिंतीला टेकले आणि डोळे मिटले.

विश्वंभर एकेक किल्ली पुसू लागला. लाल दोरा. पिवळा. एकीला फाटक्या लुगड्याचा काठ. मग निळा आला.

दोऱ्याला आईनं दोन गाठी मारल्या होत्या. एकीवर तिचा भरवसा कधीच नसायचा.

त्यानं बुवांकडं पाहिलं. त्यांचा श्वास संथ चालला होता. बाहेर गवंडी खाकरला. किल्ली कडीतून काढायला एक क्षण पुरला असता. माप घेऊन परत आणून ठेवायला अर्धा तास. कुणाला कळलंही नसतं.

कुणाला कळलंही नसतं… हेच तो मघाशी चार लाख माणसांबद्दल म्हणाला होता.

त्यानं निळ्या दोऱ्याच्या किल्लीला तेल लावलं. जरा जास्तच वेळ लावलं. मग पुढची घेतली. एकोणचाळीस पुऱ्या झाल्यावर जुडगा खुंटीला अडकवला आणि बाहेर गेला.

“दादा, आज माप नाही घ्यायचं,” तो गवंड्याला म्हणाला. “आई आल्यावर बघू.”

“आणि चौकटीचं?”

“तेही तिलाच विचारू.”

गवंडी टेप गुंडाळत उतरणीला लागला. तेवढ्यात कंपनीचा फोन आला. ‘नाही विकायचं. माफ करा,’ अशी दोनच वाक्यं बोलून विश्वंभरनं तो ठेवला. पलीकडचा माणूस अजून बोलत होता.

मग तो निंबाखाली बराच वेळ उभा राहिला. समोर त्याच्या घराचं कुलूप उन्हात चमकत होतं. आई अजून एखादा हंगाम वाकणार, हे त्याला बोचत होतं. तरी हात हलके वाटत होते. हे दोन्ही एकाच वेळी कसं, ते त्याला उमगेना.

आत येऊन तो बुवांच्या पायाशी बसला.

“बुवा… मी ती किल्ली काढून घेतली असती तर?”

बुवांनी डोळे उघडले नाहीत.

“तुझ्यातलं मांजर गेलं का रे बाहेर?”