नाडीला हात लावण्याआधी

नदीकाठच्या एका गावात एकेकाळी एक वृद्ध वैद्य राहत असत. ते गाव आता धरणाखाली गेले, त्यांच्या अंगणातला पारिजातकही गेला. पण औषध कुटताना दारापर्यंत येणारा सुंठ-ज्येष्ठमधाचा वास त्यांच्या शिष्याने म्हातारपणी मला इतक्या वेळा वर्णन करून सांगितला, की तो मला स्वतःचाच आठवतो. नाडीवरून खरोखर किती कळते, यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी खुशाल घालावा. मला त्या वैद्यांची आठवण येते ती वेगळ्याच कारणासाठी.

एके सकाळी घोंगड्यांचा एक व्यापारी बायकोला घेऊन त्यांच्याकडे आला. तिच्या कडेवर खोकून बेजार झालेला मुलगा होता, म्हाळू. तिने त्याचा हात धरून पुढे केला. वैद्यबुवांनी नाडीसाठी आपला हात उचलला, आणि तो मध्येच थांबवला.

"नाडी खोकल्यापाशी थांबत नाही," ते म्हणाले. "विचारलेलं तेवढंच सांगू, की न विचारलेलं दिसलं तर तेही? ज्याला औषध आहे, ते तुम्ही विचारलं नाही तरी मी सांगणारच. प्रश्न आहे तो उरलेल्याचा. पुढे कधीतरी येणारं, ज्याला माझ्यापाशी उपाय नाही, असं काही दिसलं तर?"

"खोकल्याचं तेवढं बघा, बुवा," व्यापारी घाईने म्हणाला.

"न्हाई, समदं सांगा," बायको म्हणाली. "माझ्या भावाचं हात ऐन तिशीत कापाया लागलं. हातमागावर बसायचा, पण हातात धोटा ठरंना. ह्याचंबी तसंच हाय का, येवढं मला कळू द्या."

"कळून काय करणार हाईस? रोज ह्याच्या हाताकडं बघत बसशील," नवरा म्हणाला.

"आता तरी दुसरं काय करते?"

गुरुजी उगाच सुखी संसारात काडी टाकत आहेत, असे बाजूला सुंठ कुटत बसलेल्या शिष्याला वाटले. वैद्यबुवांनी मात्र हात उपरण्यात घेतला आणि दोघांना पारिजातकाखाली बसून ठरवून यायला सांगितले. म्हाळू तिथे खोकत खोकत फुले वेचू लागला. वेचलेले एकेक फूल तो गवताच्या काडीत ओवत होता. आई त्याच्या बोटांकडे बघत राहिली.

"तूच ठरव," नवरा अखेर म्हणाला. "भाऊ तुझा हुता."

ती उठून वैद्यबुवांपुढे आली. "खोकल्याचंच सांगा, बुवा. बाकीचं त्याचं हाय. मोठा झाल्यावर त्याला वाटलं तर त्यो इचारील." एवढे बोलून ती रडली.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली, मधातून अडुळशाचा रस द्यायला सांगितला आणि म्हाळूच्या गालाला हात लावून त्यांना निरोप दिला.

शिष्याला राहवेना. "गुरुजी, हा घोळ कशाला? आधी नाडी पाहायची आणि वाईट दिसलं तरच विचारायचं. काही नसतंच, तर त्या बिचारीला रडावं तरी लागलं नसतं."

वैद्यबुवा हसले. "नाडी पाहून मग विचारलं असतं, 'अजून काही ऐकायचंय का?', तर त्या आईला माझ्या प्रश्नातच उत्तर मिळालं असतं. मग 'नको' म्हणायला तिला जागा कुठे उरली असती? ती मोकळीक आधीच द्यावी लागते. तेव्हा माझ्याही चेहऱ्यावर काही नसतं."

"मग आज काय दिसलं?"

"तू कोण, त्याचा बाप?"

शिष्य पुन्हा सुंठ कुटू लागला.

हल्ली लेकराच्या रक्ताचा थेंब घेतात आणि त्यातली जनुके वाचतात. एका दुखण्याचे कारण शोधताना कधी भलतेच काही हाती लागते. मग डॉक्टर "बसा जरा" म्हणतात, आणि तिथेच आईबापांचे ठरवणे संपते. म्हणून थेंब काढण्याआधीच विचारावे, आणि आईबापांनीही थोडा वेळ पारिजातकाखाली बसून यावे.

पुष्कळ वर्षे गेली. वैद्यबुवा वारले आणि शिष्याचेही केस पिकले. एके दिवशी एक तरुण विणकर त्याच्या दारी आला.

"मी म्हाळू. आईनं माझं कायतरी हितं राखून ठेवलंय म्हणं."

"गुरुजी ते कुणाला न सांगता गेले, बाबा. नाडी नव्यानंच पाहावी लागेल." शिष्याने हात उचलला आणि मध्येच थांबवला. क्षणभर त्याला तो हात गुरुजींचाच भासला. "विचारलेलं तेवढंच सांगू, की..."

"लगीन ठरलंय. तिलाबी कळाया पायजे. समदं सांगा." या वेळी म्हाळूने आपला हात आपणच पुढे केला.

नाडीत काय निघाले, ते शिष्याने मला कधी सांगितले नाही. मीही विचारले नाही.